फॉक्स्ड

परवा भर पावसात आजोबांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड टॅक्सीत घालून फोर्टातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात नेले. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात काढलेले खंड. आमच्या गिरगावातल्या माळ्यावर डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत सुखात होते. पण घराला रंग द्यायचा ठरला आणि बायको म्हणाली, “ते तरी राहतील, नाहीतर मी तरी.” असो.

दुकानातल्या पोराने पहिला खंड मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरला, हुंगला आणि म्हणाला, “काका, फॉक्स्ड आहे.”

मला ऐकू आलं, फिक्स्ड. म्हटलं, “छान. कितीला फिक्स्ड?”

“किंमत नाही हो काका, पानं. फॉक्स्ड आहेत. डाग बघा ना.”

(पोरगा तिशीचा, मी सत्तेचाळीसचा. वीस सेकंदांत दोनदा काका.)

डाग होते, नाही कशाला म्हणू? जिऱ्याएवढे, मसुरीएवढे, तांबूस तपकिरी. लहानपणी मला वाटायचं, आजोबा तपकीर ओढून पुस्तकात शिंकतात. म्हणूनच त्या रंगाला तपकिरी म्हणतात, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

“फॉक्स्ड म्हणजे झिंगलेला!” मागून आवाज आला.

सफारी सूट, कपाळाला गंध, काखेत मिटलेली ओली छत्री. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

“सॅम्युअल पीप्स. लंडनचा. १६६० च्या दशकात रोजनिशी लिहायचा. त्यात प्यायलेला माणूस फॉक्स्ड. बिअर आंबली तरी फॉक्स्ड. फाटक्या बुटाला वरून नवं चामडं लावलं, तेही फॉक्सिंग.”

“आणि पुस्तक?” मी विचारलं. चूक केली.

“कोल्ह्याचा रंग!” त्यांनी छत्री काखेतून काढून काउंटरवर आडवी ठेवली. तिचं टोक बरोबर तिसऱ्या खंडावर. “लालसर तपकिरी. कारणं दोन सांगतात. एक म्हणजे बुरशी. दुसरं म्हणजे कागदात राहून गेलेले लोखंडाचे बारीक कण, ते गंजतात. कोण म्हणतं ही, कोण म्हणतं ते, कोण म्हणतं दोन्ही. पण ओल पाहिजे! ओल हा पुस्तकाचा शत्रू, साहेब.”

टप्.

“हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला रान मोकळं.”

टप्. टप्.

मी खंड हळूच इकडे ओढला. त्यांनी बोलता बोलता छत्रीही इकडे सरकवली. ओलीवर इतकं मन लावून बोलणाऱ्या माणसाला “तुमची छत्री गळतेय” हे कसं सांगायचं? शेवटी मी म्हटलं, “पण काका,” (मीही सोडलं नाही) “फॉक्स म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्हा म्हणजे जॅकल, आपल्या खाडीच्या तिवरांत फिरतो तो. फॉक्स म्हणजे खोकड.”

ते गप्प झाले. पोराने नुसतंच “खोकड?” केलं. आणि मला एकदम जाणवलं की या शब्दावर इंग्रजीत इतका खल करायची गरजच नव्हती. आमच्या घरी हाडं निघालेल्या, खोकणाऱ्या माणसाला ‘म्हातारं खोकड’ म्हणत. पुस्तक फॉक्स्ड झालं, म्हणजे पुस्तकाचं खोकड झालं. गव्हावर पडतो तसा तांबेरा म्हणा, गालावर येतात तसे वांग म्हणा. शब्दांना तोटा नाही. पण ‘वांग आलेत’ म्हणून कोणी भाव पाडत नाही. भाव पाडायला इंग्रजी लागतं.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुस्तक स्वतःच विनवतं: तेलापासून सांभाळा, पाण्यापासून सांभाळा, सैल बांधणीपासून सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. या यादीत मुंबई नाही, कारण लिहिणाऱ्याने इथला जुलै पाहिलेला नसावा. जून ते सप्टेंबर आमच्या भिंतींना घाम फुटतो, पापड डब्यात मऊ पडतात, चपलांवर हिरवी लव उगवते. दक्षिणेकडची भिंत तर बारा महिने ओली. दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले, तिन्ही अर्जांना एव्हाना ठिपके पडले असतील. अशा गावात शहाऐंशी वर्षांहून जुना कागद गोरापान कसा राहायचा? पण सांगायचं कोणाला?

“सातशे,” पोरगा म्हणाला. “सगळ्यांचे मिळून.”

म्हणजे खंडाला शंभर. आमचा रद्दीवाला निदान फॉक्स्ड तरी म्हणत नाही. मी खंड पुन्हा टॅक्सीत घातले आणि घरी आणले. बायकोने दारातच विचारलं, “काय झालं?”

“खोकड निघाले.”

“कोण?”

मी उत्तर दिलं नाही. आता सातही खंड पलंगाखाली आहेत आणि बायको माझ्याशी कामापुरतं बोलते.

आज सकाळी दुकानातून फोन आला. “काका, त्या छत्रीवाल्या काकांना तुमचा सेट हवाय. पण तिसऱ्या खंडावर पाण्याचा डाग बघितला म्हणतात. पन्नास कमी करा.”