सोडण्याआधी जोडा

"गहू नाही, मांस नाही, मासे नाहीत. मग तू खातेस तरी काय?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर तयारच असतं. बहुतेक जण काळजीनेच विचारतात, त्यामुळे त्याचा राग येत नाही. पण मागच्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सीलिॲक आहे आणि आता तिला मांसाहार सोडायचाय. आई म्हणते, "आधीच इतकं बंद आहे, आता आणखी काय बंद करतेस?" मुलगी म्हणते, "माझं मन मला खाऊ देत नाही." दोघींशी वेगवेगळी बोलले. दोघींचंही मला पटलं आणि फोनवर जे सांगता आलं ते अपुरं वाटलं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीलिॲक ही ॲलर्जी नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांमधलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नातला कस शोषून घेणारी आतड्याच्या आतली बारीक लव झडून सपाट होते. जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या कितीतरी जणांना त्याचा पत्ताही नसतो. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभरासाठी पूर्ण बंद, एवढाच उपाय. हा उपायही तसा अलीकडचा. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं मात्र सुधारताना दिसली. पुन्हा पाव आला तशी ती पुन्हा ढासळली. त्याआधी अशा मुलांना केळ्यांवर ठेवत असत. नेमकं काय टाळायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

माझं निदान सहा वर्षांपूर्वीचं. आधी रक्ततपासणी, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला. (इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. तुम्हाला सीलिॲकची शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका. सोडला की रक्तातल्या खुणा हळूहळू जातात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही तपासणी स्वच्छ येऊ शकते.)

आता मूळ मुद्दा. सीलिॲक झालेल्या माणसाला जेवणाची भीती बसते. सॉसमध्ये गहू असतो, सूप दाट करायला मैदा घातलेला असतो, माल्ट म्हणजे बार्ली, तळणीच्या तेलात आधी मैद्याचं काहीतरी तळलेलं असतं. अशा वेळी साधं मीठ-मिरी लावून भाजलेलं मांस, वाफवलेला मासा, उकडलेलं अंडं हे माझं निर्धास्त अन्न होतं. बाहेर गेलं की तेच मागायचं. त्यात काही दडलेलं नसतं. चार वर्षं या अन्नाने मला सांभाळलं, ते मी विसरणार नाही. म्हणून त्या मुलीच्या आईला मी पहिलं हेच म्हटलं की तुमची भीती खरी आहे. तुमची मुलगी नुसता एक पदार्थ सोडत नाहीये, डोळे मिटून खाता येईल असं जे थोडं उरलंय तेच सोडतेय.

मग मी का सोडलं? मला कुणी उपदेश केला नाही, कसला व्हिडिओ बघून रडू आलं असंही झालं नाही. सवय लागली. चार वर्षं प्रत्येक पाकीट उलटून वाचायचं, प्रत्येक ताटाबद्दल विचारायचं: यात काय आहे, कुठून आलं, कसं बनवलं? धान्याला हा प्रश्न इतका विचारला की एक दिवस तो मांसापाशीही आला. तिथे त्याला "हे नको विचारूस" म्हणणं मला जमेना. उत्तर मला ठाऊकच होतं. मी फक्त तिकडे बघत नव्हते.

पहिला प्रयत्न वाईट फसला आणि तो कसा फसला हे सांगायलाच हवं, कारण बहुतेकांचा असाच फसतो. एका सोमवारी मी सगळं बंद केलं. मांस, मासे, अंडी, सगळं. त्यांच्या जागी काय येणार याचा विचारच केला नव्हता. मग जागा आपोआप भरली, भाताने, बटाट्याने आणि 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेल्या बिस्किटांनी. या तयार पदार्थांत बऱ्याचदा स्टार्च आणि साखर भरपूर, चोथा आणि प्रथिनं कमी. तीन महिन्यांत जिना चढताना धाप लागायला लागली, केस मुठीने गळायला लागले. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, २४ वरून ९ वर आला होता.

त्याच काळात एका ठिकाणी जेवायला गेले होते. मी शाकाहारी झाल्याचं कळल्यावर यजमानांनी मुद्दाम माझ्यासाठी 'मांसासारखं' काहीतरी मागवलं. चव चांगली होती. दोन घास खाल्ल्यावर विचारलं, कशाचं आहे? ते सेतान होतं. सेतान म्हणजे गव्हाच्या पिठातला स्टार्च धुऊन काढल्यावर उरलेलं निव्वळ ग्लुटेन. पुढचे चार दिवस मी अंथरुणात होते. यजमान बिचारे आजही त्याबद्दल बोलताना कळवळतात. चूक त्यांची नव्हती. 'शाकाहारी' हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, आता सगळं सोपं. मांसाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पदार्थांत गव्हाचं प्रथिन असतं, हे त्या दिवसापर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं.

मी पुन्हा अंडी, मासे, मांस खाऊ लागले. तेव्हा दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. एक बाजू म्हणाली, "बघ, सांगत होतो ना, तब्येतीपुढे ही असली थेरं चालत नाहीत." दुसरी म्हणाली, "मनापासून इच्छा असेल तर सगळं जमतं." पहिल्या वाक्याचा त्रास झाला. दुसऱ्याने जखम झाली. ज्याला सगळं पचतं त्याच्या इच्छेची आणि माझ्या आतड्याची तुलना कशी करायची? शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना मी हात जोडून सांगते, आजारी माणसाच्या निष्ठेची परीक्षा घेऊ नका. तो आधीच रोज तीन वेळा परीक्षेला बसतो.

दुसरा प्रयत्न एका आहारतज्ज्ञ बाईंच्या मदतीने केला. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "या महिन्यात काहीही सोडायचं नाही. फक्त जोडायचं." मला ते विचित्र वाटलं होतं. आज वाटतं, दोन वर्षांत मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच.

पहिला महिना फक्त डाळी आणि कडधान्यं, तीही दोन-दोन चमचे. एकदम वाटीभर खाल्ली की पोट फुगतं आणि माणूस ठरवून टाकतो की आपल्याला हे झेपत नाही. भिजवून, ते पाणी ओतून टाकून, मऊ शिजवून, हळूहळू वाढवत नेली. सहा आठवड्यांनी वाटीभर पचायला लागली. दुसऱ्या महिन्यात टोफू, मग तीळ, भुईमूग, बिया. धान्यांत ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा. यांत मुळात ग्लुटेन नसतं, पण ज्या गिरणीत आधी गहू दळलाय तिथे दळली तर येतं, म्हणून घरचीच छोटी चक्की. डाळीसुद्धा ताटात पसरून निवडायच्या. शेतात, गोदामात, पोत्यात गव्हाचे दाणे मिसळतात आणि ते दिसतात. निवडून, दोन-तीनदा धुऊन मगच भिजत घालते. अशी प्रत्येक नवी गोष्ट ताटात पक्की बसली की मग एक जुनी गोष्ट काढायची. आधी मांस गेलं, चार महिन्यांनी मासे. सगळं मिळून आठ महिने लागले. अंडी अजून आहेत.

लोहाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्यासारख्यांचं घोडं इथेच अडतं. मांसातलं लोह शरीर सहज उचलतं, वनस्पतींमधलं तितकं सहज उचलत नाही. म्हणूनच अमेरिकी आहारमानकांत शाकाहारी माणसाची लोहाची गरज १.८ पट धरलीय. त्यात लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सीलिॲकमध्ये पहिला मार त्याच भागाला बसतो. म्हणजे आमच्या बाबतीत दोन्हीकडून ओढाताण. पण यावर इलाज आहेत आणि ते स्वयंपाकघरातच आहेत. डाळीबरोबर लिंबू, सिमला मिरची, पेरू, संत्रं असं 'क' जीवनसत्त्वाचं काहीतरी त्याच जेवणात घ्यायचं. चहा-कॉफी जेवणाबरोबर नाही, निदान तासाभराच्या अंतराने. कडधान्यांना मोड आणले की लोह धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही. आणि हो, मला लोहाची गोळीही घ्यावी लागली, त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. फेरिटिन आता ४१ आहे. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही, आणि मुतखड्याचा त्रास असेल तर त्यातलं ऑक्झलेट वेगळंच संकट उभं करतं.

बी-१२ च्या बाबतीत तडजोड करू नका. ते ना प्राणी बनवतात ना वनस्पती, ते जिवाणू बनवतात आणि प्राण्यांच्या मार्फत आपल्यापर्यंत येतं. गरज दिवसाला जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात त्याचा साठा इतका असतो की कमतरता कळायला वर्षं लागू शकतात. तोवर हातापायांना मुंग्या येऊ लागतात, आणि नसांना झालेली इजा दरवेळी पूर्ण भरून येतेच असं नाही. पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट (हेही एक 'ब' जीवनसत्त्वच) भरपूर मिळत असेल तर रक्तात दिसणारा ॲनिमिया झाकला जाऊ शकतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका आणखी, कारण त्या गोळीने बी-१२ चं शोषण कमी होतं. मी गोळी घेते आणि दर सहा महिन्यांनी तपासते. गोळ्यांच्या बाबतीतही विचारून घ्या. कॅप्सूलचं आवरण बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, आणि गोळीतला स्टार्च कशाचा आहे हे सीलिॲकवाल्यांना माहीत असायलाच हवं.

दुधाचं एक सांगायचं राहिलं. निदान झाल्यावर पहिले काही महिने मला दूध पचत नव्हतं. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं एन्झाइम त्या झडलेल्या लवेच्या टोकांवरच असतं. आतडं भरून आलं तसं दूधही पचायला लागलं. तेव्हा 'मला दूध चालत नाही' हा निकाल कायमचा धरू नका, काही महिन्यांनी डॉक्टरांना विचारून पुन्हा बघा. सीलिॲकमध्ये हाडं आधीच कमजोर झालेली असू शकतात, त्यामुळे दूध-दही विनाकारण सोडणं परवडत नाही.

हे सगळं माझ्या शरीराचं झालं. माझ्या एका मैत्रिणीला आतड्याचा वेगळा त्रास आहे, आयबीएस. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात तयार झालेला लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणारी काही कर्बोदकं कमी करणारा आहार, तिला दिलाय. त्यात कांदा, लसूण, राजमा, बऱ्याच डाळी, दूध, सगळ्यावर बंधन. माझा आधार म्हणजे कडधान्यं, आणि तीच तिला चालत नाहीत. हा आहार कायमचा नसतो, दोन ते सहा आठवडे कडक पाळून मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो. तिने तसं केलं. भिजवून, उकडून, पाणी काढून टाकलेली थोडी मसूर आणि घट्ट टोफू तिला जमतो. त्यापुढे नाही. म्हणून ती आठवड्यातून दोनदा मासे खाते, बाकी सगळं शाकाहारी. कुणी तिला 'मग तू शाकाहारी नाहीसच' असं म्हटलं की मला तिच्या वतीने बोलावंसं वाटतं. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम बघावं लागतं, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवायच्या नसतात, थायरॉइडची गोळी सोया, लोह, कॅल्शियम यांच्यापासून लांब ठेवावी लागते. प्रत्येकाचं ताट वेगळं. माझी यादी उचलून स्वतःला लावू नका, आपल्या डॉक्टरांपुढे बसून आपली करा.

त्या मुलीला मी एवढंच विचारलं, "तुला सोमवारपासून सोडायचंय की टिकवायचंय?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टिकवायचंय." तिच्या आईने काल फोन केला होता. रक्ताच्या तपासण्या करायला दिल्यात, आणि घरात मसूर ताटात पसरून दोघी मिळून निवडत होत्या. एका किलोत गव्हाचे तीन दाणे सापडले म्हणाल्या.