३ रुपयांचा निरमा आणि ललिताजींची अक्कल

मार्केटिंगच्या वर्गात माणसाच्या गरजांचा तो त्रिकोण कधी ना कधी फळ्यावर येतोच. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मानसन्मान आणि टोकाला आत्मविकास. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लोनं १९४३ मध्ये ही मांडणी केली. (त्रिकोण त्याचा नाही, तो नंतरच्यांनी काढला.) मग शिकवतात की गिऱ्हाईक ज्या पायरीवर उभं असेल, त्या पायरीचं बोला. गरिबाला किंमत सांगा, श्रीमंताला रुबाब. मला हे साफ अमान्य आहे, आणि त्याचं कारण आहे कपडे धुण्याची पावडर.

१९६९ मध्ये अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरी सांभाळून सायकलवरून घरोघरी निरमा विकू लागले. किलोला साधारण ३ रुपये. सर्फ त्याच्या कितीतरी पट महाग. पुढे निरमानं बाजार असा काही खाल्ला की सर्फवाल्या हिंदुस्तान लिव्हरला घाम फुटला. १९८४ मध्ये त्यांनी सर्फच्या जाहिरातीत ललिताजींना आणलं. भाजीवाल्याकडे पैशापैशाचा हिशेब करणारी बाई टीव्हीवरून ठणकावते, 'सस्ती चीज़ और अच्छी चीज़ में फर्क होता है.' काटकसरी बाईला महागाची वस्तू घेताना जी टोचणी लागते ना, तिलाच त्यांनी हात घातला. जास्त पैसे मोजणारी उधळी कशी, ती तर खरी हिशेबी! पुडा सर्फचा, पण कौतुक घर चालवणारीच्या अकलेचं. त्या काळी घरात तिच्या अकलेला विचारत तरी कोण होतं?

खरी गंमत पुढे आहे. स्वस्ताईवर मोठ्या झालेल्या निरमानं 'निरमा सुपर' काढला, तेव्हा त्यांच्या जाहिरातीतला दुकानदारही गिऱ्हाईक दीपिकाजींना 'मान गए' म्हणायला लागला. काय मानलं? 'आपकी पारखी नज़र और निरमा सुपर, दोनों को.' म्हणजे स्वस्तवाल्यालाही शेवटी गिऱ्हाइकाच्या नजरेचाच मान ठेवावा लागला. रिननं शेजाऱ्याच्या पांढऱ्या कमीजवरून जळवलं. २०१५ पासून एरियल 'शेअर द लोड' म्हणत नवऱ्यालाही धुण्याला लावू पाहतंय. मळ तोच, बादली तीच.

हे ज्यांना उमगलं नाही त्यांचं काय होतं, ते नॅनोनं दाखवलं. स्कूटरवर दाटीवाटीनं बसलेलं कुटुंब बघून रतन टाटांना कल्पना सुचली. २००८ मध्ये १ लाखाची गाडी जगापुढे आली. कळकळ खरी होती, पण जाहीर झालं ते 'सर्वांत स्वस्त गाडी' म्हणून. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरच्या कारखान्याचा गोंधळ, गाड्या पेटल्याच्या बातम्या ही कारणंही होतीच. पण दारात गाडी उभी राहते तेव्हा चाळीला, सोसायटीला काहीतरी सांगायचं असतं, आणि 'याला एवढीच परवडली' हे कुणालाच सांगायचं नसतं. स्वस्तचा शिक्का चुकला, हे पुढे टाटांनीच बोलून दाखवलं.

म्हणून कुणी कर्ज काढून मुलीचं लग्न थाटात केलं किंवा हप्त्यावर भारी फोन घेतला की 'आधी पोटाचं बघा' म्हणणाऱ्या आपल्या वर्गाचा मला राग येतो. मान ही पोट भरल्यावरची चैन आहे, असं फक्त भरल्या पोटालाच वाटतं.

आणि हो, मान देऊन माल खपवणाऱ्यांवर माझा फारसा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दुधात घालायच्या पावडरींवर. मुलाची उंची, मुलाचे मार्क, शेजारचं पोर पुढे गेलं! ललिताजी बाईला निदान शहाणी तरी समजत होत्या. हे लोक आधी तिला आई म्हणून नापास करतात आणि मग डबा विकतात.