उरलेल्या चार गोळ्यांचा सदुपयोग

तब्येत बिघडवायला व्यसनंच लागतात, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. दारू नको, सिगारेट नको. अगदी सभ्यपणे, ताठ मानेने हे काम जमतं. गेले नऊ दिवस अंथरुणात पडून मी याच विषयाचा अभ्यास केलाय, तेव्हा ऐका.

झोपेपासून सुरुवात करा. मोठ्या माणसाला किमान ७ तास झोप हवी म्हणतात. म्हणेनात का. आपण दिवा मालवावा, मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर धरावा आणि ‘हा शेवटचा व्हिडिओ’ असं स्वतःला दीड वाजेपर्यंत बजावत राहावं.

कानातला मळ आपला आपण बाहेर येत असतो. त्याला काडीने आत ठोकून बसवा.

लघवी लागली? दाबून धरा. मीटिंग संपेलच कधीतरी.

डोकं दुखलं की गोळी. रोज दुखलं की रोज गोळी. महिन्यातले निम्मे दिवस वेदनाशामक घेत राहिलात, की पुढे त्या गोळ्यांपायीच डोकं दुखायला लागतं, आणि मग त्यावर आणखी एक गोळी! सर्दीच्या गोळीत बहुतेकदा पॅरासिटामॉल असतंच, तरी तापासाठी वेगळं घ्या. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची नसतात. यकृत बिचारं सोशिक आहे, बोंब मारेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा. ताप आला तर रजा घेऊ नका. ऑफिसला या. माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आले ना, तसे! नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि वर ऐट: “कणकण आहे हो अंगात, पण म्हटलं जाऊ या. कामं कोण करणार?” मग ओंजळीत खोकायचं, आणि त्याच हाताने माझा माऊस ओढून “बघू, कुठे अडलंय तुमचं?” काही अडलं नव्हतं! तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हुडहुडी भरली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, व्हायरल आहे, अँटिबायोटिकची गरज नाही, पाणी प्या, पडून राहा. हे ऐकून हितचिंतकांचा केवढा हिरमोड झाला. नुसतं पॅरासिटामॉल? हा कसला डॉक्टर! आणि दोनच दिवसांनी हेच गृहस्थ दारात हजर. खिशातून कात्रीने कापलेली अर्धी स्ट्रिप काढली. चार गोळ्या. नाव अर्धंच उरलेलं, मुदत छापलेला कोपरा उडालेला. “मला दोन दिवसांत बरं वाटलं, मग सोडून दिल्या. उरल्यात, तुम्हाला होतील.”

म्हणजे जिवाणूंवरचं औषध विषाणूच्या आजारावर, तेही अर्धवट, तेही दुसऱ्याचं, कधीचं कोण जाणे!

पेनिसिलिन या अँटिबायोटिकचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ साली लावला. १९४५ साली त्यासाठी नोबेल घेताना त्याने भाषणात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच थोडंसं पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू मग त्याच्या बायकोला होतात, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असं फ्लेमिंगने तेव्हाच विचारलं होतं. तो काल्पनिक गृहस्थ परवा माझ्या पलंगाच्या कडेला बसून खोकत होता. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं मेली. त्यांच्यातल्या कितीजणांना कुणीतरी आपुलकीने उरलेल्या गोळ्या दिल्या असतील?

पुरे झाली थट्टा. नऊ दिवस काढलेत मी, अजून जिना चढताना दम लागतो. ज्यांची एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणं, त्यांना मी काही म्हणत नाही. पण तुमच्या १४ रजा शिल्लक आहेत, तुम्हीच कौतुकाने सांगता! घरी पडा. खोकायचं तर कोपरात खोका. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच दिवस घ्या, नको म्हणाले तर घेऊ नका, आणि उरलेलं वाटत फिरू नका, प्रसाद नाही तो.

आणि मी सोमवारी येतोय. माझ्या माऊसला हात लावायचा नाही.