दिवे लावायची सुवर्णसंधी, तीपण फुल्ली फंडेड

तर तो मेसेज तुमच्याकडे पण आला असेलच. एमएस्सीच्या जुन्या ग्रुपवर कोणीतरी टाकलाय, खाली तीन जोडलेले हात आणि एक रॉकेट, "थिअरॉटिकल पार्टिकल फिजिक्समध्ये पीएचडी, युरोप, फुल्ली फंडेड". सोडू नका बरं का. फक्त मी सांगून राह्यलो तसं करा.

पहिली गोष्ट, फुल्ली फंडेड हा शब्द घरात मोठ्यानं बोलायचा नाही. आपल्याकडे फंड म्हणजे एक तर पीएफ नाहीतर गणपतीची वर्गणी. आई विचारेल, म्हणजे आपल्याला किती भरायचे? तुम्ही म्हणाल काहीच नाही, उलट तेच देतात, चार वर्षं, दर महिन्याला, तर ती लगेच म्हणेल फ्रॉड असेल, शेजारच्या काकूंचे असेच गेले होते, ओटीपी सांगू नको कोणाला.

जाहिरात जर्मनीची असेल तर खाली ई १३ असा पे स्केल दिसेल आणि त्याच्या बाजूला ६६ टक्के किंवा ७५ टक्के. हे मार्क नाहीत. म्हणजे कागदावर तुम्ही दोन तृतीयांश माणूस, पगार दोन तृतीयांश माणसाचा, आणि काम पूर्ण माणसाचं, पेपर सबमिट करायचा असला की दीड माणसाचं. हे टक्के बाबांना सांगू नका, ते विचारतील बाकीचे ३४ कुठं गेले. दहावीपासून हेच विचारून राह्यले ते.

इथंच राहून करायचं म्हणाल तर नेट, गेट, जेस्ट या परीक्षा आणि मुंबईच्या टीआयएफआर संस्थेची वेगळी, सगळे फॉर्म भरून ठेवा, एकात तरी लागून जाते. जेआरएफ, म्हणजे सरकारची ज्युनियर रिसर्च फेलोशिप, लागली की महिन्याला ३७ हजार, दोन वर्षांनी सीनियर म्हणजे एसआरएफ झाले की ४२ हजार, वर एचआरए. २०२३ च्या आधी ३१ होते. आता हे पैसे दर एक तारखेला येतील असं समजून कोणाकडून उधार घेऊ नका. फेलोशिप क्वांटम असते, म्हणजे चार महिने शून्य आणि मग एकदम गठ्ठा. एनर्जी सलग येत नाही, पॅकेटमध्ये येते, हे मॅक्स प्लँकनं १९०० सालीच सांगून ठेवलंय, तुमच्या घरमालकानं ते वाचलं नसेल तर त्यात सरकारची काय चूक?

मग येतो दिव्यांचा प्रश्न. हा प्रश्न साधा नाही, ऑफिशियल आहे. २०२३ च्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात, आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या विधान भवनात, तो विचारून झालाय की पीएचडी करून काय दिवे लावणार. तेव्हापासून नात्यातला प्रत्येक माणूस तो आपलाच असल्यासारखा विचारतो. यावर माझं एकच सांगणं, डार्क मॅटर हा विषय घ्या. विश्वातलं जवळपास ८५ टक्के मॅटर हे असलं आहे आणि त्याचा प्रकाशाशी काडीचा संबंध नाही, ना चमकत ना सावली पाडत, कुठं आहे ते फक्त त्याच्या वजनावरून कळतं. म्हणजे तुमचा विषयच असा की दिवा लावला तरी दिसत नाही. विचारणारा गप्प.

लक्ष्मीनगरचे काका गप्प बसणार नाहीत, ते गृहीत धरा. ते म्हणतील पार्टिकल म्हणजे पार्टिकल बोर्ड का, चांगली लाइन आहे, मॉड्युलर किचनला आजकाल लय मागणी. नाही म्हणू नका. मग म्हणतील हिंगोलीला ते मोठं मशीन होऊन राह्यलं ना, तिथंच लागून जाशील. तेव्हाही हो म्हणा. ते लायगो आहे, गुरुत्वीय लहरींचं, त्यात आपलं काहीच काम नाही, पण हिंगोलीहून पोरगं दिवाळीला घरी येऊ शकतं एवढ्यावर आई खूश होते, तिला कशाला दुखवायचं?

आणि सर्न, म्हणजे जिनिव्हाजवळची ती कण एकमेकांवर आदळवायची मोठी प्रयोगशाळा. सगळ्यांना वाटतं तुम्ही त्या बोगद्यात उतरणार. २७ किलोमीटरचा गोल आहे तो, म्हणजे साधारण बर्डीहून बुटीबोरी गाठाल एवढं अंतर, फक्त फिरून फिरून परत बर्डीलाच. तुम्ही थिअरीवाले, तुम्हाला त्यात कोणी उतरवत नाही, तुम्ही कॅन्टीनपर्यंत.

खरं काम काय असतं ते पण ऐकून घ्या, कारण जाहिरातीत नुसतं रोमांचक वगैरे लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबक आहे, तो किती जोराचा ते काढायचं. त्यासाठी फाइनमनची चित्रं, म्हणजे कण एकमेकांशी काय करतात ते दाखवणाऱ्या रेघोट्या, काढायची आणि प्रत्येक चित्राचं गणित करायचं. पहिल्या पायरीला चित्र १, दुसरीला ७, तिसरीला ७२, चौथीला ८९१. पाचवीला १२,६७२. किनोशिता नावाच्या जपानी माणसानं साथीदारांना घेऊन ही पाचवी पायरी २०१२ मध्ये पूर्ण केली, तेव्हा त्याचं वय ८७ होतं, आणि एवढं सगळं करून उत्तरात फरक पडला तो दशांश चिन्हानंतर तेराव्या घरात. इतवारीतल्या सोनाराचा काटा इतका बारीक नाही हो. आता उरली सहावी पायरी. इंटरव्ह्यूत चुकूनही विचारू नका की ती कोण करणार.

(मला स्वतःला हा चुंबकाचा आकडा फार आवडतो. माणसानं लिहिलेल्या गणिताचं आणि लॅबमधल्या मोजमापाचं इतकं जुळणं दुसरीकडे कुठं सापडत नाही. पण हे काकांना सांगून काय उपयोग?)

चित्रं नको असतील तर नवे कण शोधायच्या लाइनला जा. तिथं मजा असते. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांना ७५० जीईव्हीपाशी (कणांची एनर्जी आणि वजन यातच मोजतात) ग्राफमध्ये एक उंचवटा दिसला, बारकासाच, डेटा कमी होता, प्रयोगवाले बिचारे म्हणत होते थांबा जरा, पण थिअरीवाले कुठले थांबतात, त्यांनी आठ महिन्यांत ५०० च्या वर पेपर लिहिले, हा कण अमुकच आहे, तमुकचा भाऊ आहे, डार्क मॅटरचा मामा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त डेटा आला आणि उंचवटा सपाट. म्हणजे हॉल बुक, केटररला अॅडव्हान्स, पत्रिका पण वाटून झाल्या आणि मग कळलं की मुलगीच नाही. पण पेपर राहिले ना, सायटेशन राहिले, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले त्यांचे हवाले. तर असा उंचवटा दिसला की पहिल्या दोन दिवसांत लिहून टाका, खरा ठरेपर्यंत थांबलात तर कोणी विचारत नाही. आणि या धंद्यात लेखकांची नावं एबीसीडीनं लावतात, त्यामुळे आगलावे असाल तर जन्मभर पहिले आणि झाडे असाल तर जन्मभर शेवटचे, सगळं गणित तुम्हीच केलेलं असलं तरी.

लग्नाच्या बायोडाटात नोकरीच्या रकान्यात फेलो लिहू नका, मुलीकडचे फेल वाचतात. तुम्ही मुलगी असाल तर रकान्याचा प्रश्नच नाही, तुमच्याकडे थेट एवढी शिकल्यावर मुलगा कुठून आणायचा इथून सुरुवात होते.

अर्जाला दोन-तीन शिफारसपत्रं लागतात. सर म्हणतील, तूच लिहून आण बेटा, मी सही करतो. मी पण लिहून नेलं होतं. स्वतःला एक्सलंट लिहायला मला दोन रात्री लागल्या, सरांनी ते खोडून गुड केलं आणि म्हणाले मी लिहिलं असतं तर रेग्युलर लिहिलं असतं. स्टेटमेंटमध्ये, लहानपणी गच्चीवर कूलरसमोर झोपून तारे बघायचो, हे लिहायचंच. तिकडच्यांना कूलर म्हणजे काय कळत नाही, त्यांना ते काहीतरी खोल वाटतं.

आणि शेवटची तारीख तिकडच्या वेळेनं असते. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे त्यांचे रात्रीचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. तुम्ही फॉर्म चार वाजून वीस मिनिटांनी उघडाल, मला माहीत आहे, काकांचं, बाबांचं, माझं सगळं ऐकून झाल्यावर पण उघडाल. सीव्हीची पीडीएफ मोठी आहे म्हणून साइट घेणार नाही, ती लहान कराल, मग फोटो पुसट येईल, तसाच पाठवाल. झोप काही येणार नाही. साडेसहाला अर्काइव्हवर, म्हणजे छापून यायच्या आधीच पेपर टाकतात त्या साइटवर, त्या दिवसाचे नवे पेपर लागतात, ते चाळायचे, कळले नाही तरी चाळायचे, आणि मग खाली उतरायचं, तोवर पोह्याचा ठेला लागलेला असतो. ठेल्यावरचा भाऊ तुमचे डोळे बघून विचारेल, काऊन बे, पेपर हाय का आज?

हाव म्हणा. आणि तर्री जास्त मागा.