वर्गणी कशाला भरायची म्हणता, तर ऐका

दादा, तुम्ही लिहिलंत की सबकॉन्ट्रॅक्टरची असोसिएशन म्हणजे वर्षातून एकदा जेवण, स्टेजवर सत्कार, आणि बिल अडकलं की एकही पदाधिकारी फोन उचलत नाही. सत्काराचं खरंय, मी मीटिंगमध्ये उभं राहून बोललोय त्यावर. पण काहीच उपयोग नाही हे मला पटत नाही.

माझं काम वॉटरप्रूफिंगचं. पुनावळ्याच्या एका साइटवर टेरेसचा कोबा, म्हणजे गळती थांबवणारा थर, झाला, तपासायला पाणी भरून ठेवलं, खालच्या स्लॅबला कुठे ओल नाही, सगळं ओके. आठवड्याभराने सोलरवाले आले आणि त्याच कोब्यात ड्रिल मारून स्टँड बसवून गेले. पावसाळ्यात गळलं आणि नुकसान वसूल करणारी डेबिट नोट माझ्या नावावर, हमी म्हणून अडवून ठेवलेलं रिटेन्शन तर गेलंच वर शेवटचं आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं टप्प्याचं बिल, पण कापलं, आणि माझ्याकडे पाणी भरल्याचा सहीचा एक कागद नव्हता. तेव्हा असोसिएशनमधल्या एका काकांनी घरी बोलावून त्यांचा फॉरमॅट दिला. पाणी कधी भरलं, किती इंच, कधी सोडलं, साइट इंजिनिअरची सही, आणि खाली एक ओळ की यानंतर दुसऱ्या एजन्सीने कोबा फोडला तर जबाबदारी आमची नाही. माझे गेलेले पैसे नाही आले, पण आता त्या सहीशिवाय मी पाणी सोडत नाही आणि तसं डेबिट पुन्हा लागलं नाही.

आता तुम्ही म्हणता ते 45 दिवसांत पेमेंट मिळण्याचं. लहान उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमई कायद्यात ते आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज पण आहे. पण आपण मटेरियलसकट काम घेतो, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, आणि त्याला हा कायदा लागत नाही असे हायकोर्टाचे निकाल आहेत, समोरचा वकील तेच काढतो. हे एकट्याने कुठवर लढणार? 'क्लायंटकडून आले की देऊ' हे बॅक-टू-बॅक कलम मी एकट्याने खोडलं तर ऑर्डर शेजारच्याला जाते, वाकड-हिंजवडीतल्या सगळ्यांनी खोडलं तर कोणाला देणार? बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाची सुरुवात 1941 ला आपल्या पुण्यातल्याच एमईएसच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याच्या, ठेकेदारांनी एकत्र येऊन केली, तेही ठेकेदारच होते ना.

पुढच्या मीटिंगला तुमच्या वर्क ऑर्डरची झेरॉक्स घेऊन या, पेमेंटचं पान आधी वाचू, जेवणाचं नंतर बघू.