पहाटे चारची कॅरीबॅग

जानेवारीत बनारसला जाऊ नकोस, धुक्याने गाड्या तासन् तास लेट होतात असं सगळ्यांनी बजावलं होतं, पण धुकं राहिलं बाजूला, माझी वाट लावली ती हॉस्टेलने. तसं हॉस्टेल छान होतं हो. बंगाली टोल्यातली गल्ली, समोरून बैल आला की आपण पालीसारखं भिंतीला चिकटायचं एवढीच रुंद, आणि गच्चीला माकडांमुळे जाळी, म्हणजे आत माणसं कोंडलेली आणि बाहेर माकडं मोकळी. आठ बेडची डॉर्म. लॉकर फुकट पण कुलूप आपलं, टॉवेल भाड्याने. मला वरचा बंक मिळाला. त्या शिडीच्या लोखंडी दांड्या थंडीत अनवाणी तळपायाला अशा झोंबतात की रात्री उतरायला लागू नये म्हणून मी संध्याकाळपासूनच पाणी पिणं बंद केलं.

डॉर्ममध्ये लोक घोरण्याच्या नावाने उगाच बोंबलतात. घोरणं परवडलं, अर्ध्या तासाने कानाला सवय होते. खरा वैरी म्हणजे समजूतदार माणूस. ज्याला कुणाची पडलेली नाही तो खाडकन लाईट लावतो, बॅग उचकतो आणि दोन मिनिटांत चालता होतो, आपण एक शिवी हासडून कूस बदलतो, विषय संपला. समजूतदार माणूस अंधारात, हळूच, एकेक दात करत चेन उघडतो. क्रर्र. थांबतो. कुणी जागं झालं का याचा अंदाज घेतो. मग परत क्रर्र. आणि आपण टक्क डोळे उघडे ठेवून पुढच्या क्रर्रची वाट बघत पडलेले.

माझ्या खालच्या बंकवर असेच एक काका होते, कोल्हापूरकडचे. शिडी चढताना माझ्या तोंडून 'आई गं' निघालं आणि खालून लगेच आवाज, "मराठी का? कुठला रे तू?" मुलाने मोबाईलवरून बुकिंग करून दिलेलं. "खोली आहे म्हणाला होता, ही तर बराक निघाली."

काकांना पहाटे चारला उठून गंगेत बुडी मारायची होती आणि काकूंनी बॅग भरून दिलेली, धोतर एका कॅरीबॅगेत, पंचा दुसऱ्या, तांब्या तिसऱ्या, हळदकुंकू चौथ्या, शिवाय ओले कपडे आणायला म्हणून एका कॅरीबॅगेत नुसत्या कॅरीबॅगा. आणि प्रत्येकीला गाठ. नुसती गाठ नाही, सुरगाठ सुटते म्हणून काकू निरगाठ मारतात. ती काका अंधारात नखाने सोडवत होते. चुरचुर. शांतता. चुरचुर चुरचुर. मग दातांनी. एवढं करून आत पंचा नाहीच, लाडू.

"काका, लाईट लावा ना," मी वरून कुजबुजलो.

"नको रे, लोक झोपलेत."

आठच्या आठ जण जागे होते. शेवटी समोरच्या बंकवरच्या स्पॅनिश मुलीने पांघरुणातून हात बाहेर काढून मोबाईलचा टॉर्च धरला, पंचा उशीखाली सापडला, काका "थँक्यू बाई" म्हणाले आणि जाताना दार इतकं हळू लावलं, इतकं हळू, की त्या बिजागरीची करकर अजून माझ्या कानात आहे.

बरं, या माणसावर चिडायचीही सोय नाही. साडेसहाला कुडकुडत परत आले ते सगळ्या डॉर्मसाठी गरम कचोरी-जिलबी घेऊन. वर त्या स्पॅनिश मुलीला शुद्ध मराठीत ऐकवलं की विश्वनाथाचं हे देऊळ १७८० मध्ये आमच्या अहिल्याबाईंनी बांधलं, पलीकडे शिंद्यांचा घाट, तिकडे भोसल्यांचा, "आणि आमच्याकडनंच टॉवेलचे पैसे घेतात!" हे मी इंग्रजीत सांगायचं म्हणे.

चेक-आऊटला रिसेप्शनवरच्या पोराने रिव्ह्यू टाका म्हणून फारच गळ घातली. काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "तूच लिही. पाच तारे दे, पोरं चांगली आहेत. फक्त एवढं घाल, खोलीतली माणसं रात्री नीट झोपत नाहीत."