खोकणाऱ्या गाईचं काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, ‘क्षयाला दाद न देणाऱ्या गाई कशा ओळखतात’ या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली लांब प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेकींच्या क्षयाच्या नोंदींवरून ब्रिटनमध्ये वळूंना गुण देतात, त्याबद्दल तो लेख होता. तुमच्या गोठ्यात चौदा जनावरं, त्यातल्या दोन गाई क्षयाच्या चाचणीत सापडल्या. त्यांना ना कुणी विकत घेतं, ना कसं सांभाळायचं ते कुणी सांगतं. म्हणून तुम्ही विचारलंत, ‘इंग्लंडच्या आकड्यांनी माझ्या खोकणाऱ्या गाईचं काय होणार?’ शिवाय तीन आक्षेप घेतलेत. क्षयापुढं टिकाव धरण्यात अनुवंशिकतेचा वाटा जेमतेम नऊ टक्के आहे, मग हा उद्योग कशाला? चाचणीत न सापडणारी गाय रोग लपवत नसेल कशावरून? आणि आपली गावठी गाय मुळातच काटक असताना परदेशी वळूंचे गुण मोजायचे कशासाठी?

आधी माझी चूक कबूल करतो. ‘दाद न देणाऱ्या’ या शब्दांनी असं वाटतं की या गाईंना क्षय होतच नाही. तसं नाही. रोगट गोठ्यात राहूनही त्यांना लागण होण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी असते, एवढंच. हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं.

आता नऊ टक्क्यांचं. २०१६ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये एएचडीबी या शेती मंडळानं ‘टीबी ॲडव्हान्टेज’ नावाचा गुणांक जाहीर केला. त्यामागचं काम एडिंबरो विद्यापीठाची रोझलिन संस्था, म्हणजे डॉली मेंढी जन्मली तीच, आणि स्कॉटलंडचं ग्रामीण महाविद्यालय यांचं. साडेसहा लाखांहून जास्त होल्स्टीन (आपण एचएफ म्हणतो त्या) गाईंच्या चाचण्यांच्या नोंदी त्यांच्या बापांशी जोडून पाहिल्या. कुठल्या वळूच्या लेकी जास्त सापडतात आणि कुठल्या कमी, हे त्यातून कळलं. गुणांक साधारण उणे तीन ते अधिक तीन असा असतो. वळूचा गुण एकानं वाढला की गोठ्यात साथ शिरल्यावर त्याच्या लेकींमध्ये लागण एका टक्क्यानं कमी अपेक्षित असते.

तुम्ही म्हणाल, एक टक्का! पण नऊ टक्के म्हणजे ‘लेकीत नऊ टक्के गुण उतरतो’ असं नाही. गाई-गाईंमध्ये जो फरक दिसतो, त्यातला नऊ टक्के रक्तातून आलेला, बाकीचा गोठा, शेजार, खाणंपिणं, नशीब यांचा. दुधाच्या बाबतीत हाच आकडा तीस टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून नऊ किरकोळ वाटतो. पण कासदाहाचा आकडा तर याहून लहान आहे, आणि तरीही नॉर्वेनं १९७८ पासून वळू निवडताना कासदाह जमेस धरला. तिथं प्रत्येक आजारी गाईची नोंद होत होती, म्हणून ते साधलं. आकडा लहान असला तरी नोंदी लाखांत असल्या की वळूंमधला फरक उघडा पडतो, आणि तो दर पिढीत साठत जातो. औषधाचा परिणाम औषध थांबलं की थांबतो. रक्तातली गोष्ट नातीपर्यंत जाते.

तुमचा दुसरा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटला, कारण हीच शंका संशोधकांनाही होती. चाचणी कशी होते ते तुम्ही पाहिलंच आहे. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी कॅलिपरनं मोजायची, ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंचा अर्क, टोचायचं, ७२ तासांनी पुन्हा मोजायचं. ब्रिटनमध्ये दोन ठिकाणी टोचतात, वर पक्ष्यांच्या क्षयजंतूचं आणि खाली गाईंच्या. खालची सूज वरच्यापेक्षा चार मिलिमीटरहून जास्त भरली तर गाय बाधित. मातीपाण्यातल्या निरुपद्रवी जंतूंमुळेही थोडी सूज येते, ती अशी वजा होते.

एका गोठ्यात मी स्वतः मोजलेली गाय आठवते. अंग तुकतुकीत, रोजचं अठरा लिटर दूध, खोकला नाही की काही नाही. पहिल्या दिवशी घडी सात मिलिमीटर. तिसऱ्या दिवशी हात लावला तर लिंबाएवढी गाठ, गरम, आणि कॅलिपर सोळावर. मालक माझ्याकडे बघत राहिला. आणि याच्या उलटही घडतं. रोग फार पुढं गेलेल्या, हडकलेल्या गाईची कातडी कधीकधी फुगतच नाही, कारण तिची प्रतिकारशक्तीच थकलेली असते. तेव्हा ‘फुगली नाही म्हणजे निरोगी’ असं धरून वळू निवडले तर आपण क्षय लपवणाऱ्या गाईच पैदा करू, ही तुमची भीती अगदी रास्त आहे.

म्हणूनच नुसत्या सुजेवर कुणी विसंबलं नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये बाधित गाय कापली जाते आणि तिच्या फुप्फुसांत, लसिका गाठींत क्षयाच्या गाठी आहेत का ते पाहतात. तो निकालही हिशेबात धरला. उत्तर आयर्लंडमधल्या अकराशेवर गाईंच्या अभ्यासात एका बाजूला चाचणीतही सापडलेल्या आणि आत गाठीही असलेल्या गाई होत्या. दुसऱ्या बाजूला क्षयानं ग्रासलेल्याच गोठ्यांत राहून पुन्हापुन्हा चाचणीत स्वच्छ निघालेल्या. ही दुसरी बाजूच खरी मोलाची. जिच्या आसपास रोगच नव्हता, ती स्वच्छ निघाली यात तिचं काय कौतुक? आयर्लंडच्या नोंदींत तर चाचणीतल्या सुजेपेक्षा प्रत्यक्ष गाठींची अनुवंशिकता किंचित जास्तच निघाली. लपवाछपवीच असती तर उलटं दिसलं असतं.

गावठी गाईबद्दल तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. मध्य इथिओपियात एकाच तऱ्हेनं पाळलेल्या गाई तपासल्या, तेव्हा होल्स्टीनमध्ये २२.२ टक्के आणि तिथल्या वशिंडाच्या गाईंमध्ये ११.६ टक्के बाधित निघाल्या, आणि होल्स्टीनच्या अंगातला रोगही जास्त तीव्र होता. पण दादा, ११.६ म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे गोशाळांमध्ये देशी गाईही क्षयानं सापडतात. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी यांच्यात कुठल्या वळूचा वंश जास्त टिकाऊ, हे तुम्ही-मी ‘काटक असते’ म्हटल्यानं ठरत नाही. आणखी एक अडचण आहे. ब्रिटनचा गुणांक मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या क्षयजंतूवर बेतलेला. आपल्या देशात गाईंमध्ये मायकोबॅक्टेरियम ओरिजिस हा भाऊबंदही सापडतो, आणि वेल्लोरच्या अभ्यासात तो माणसांच्या नमुन्यांतही मिळाला. तेव्हा तिकडचा अधिक तीनचा वळू इथं आणला म्हणून काम झालं, असं मी कधीच म्हणणार नाही.

आपल्याकडे हे काम आपणच करावं लागेल, आणि त्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे. ते बाधित गाय कापतात. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानंच बंदी आहे, आणि मला तो मार्ग हवाही नाही. मग उरतं काय? लस आणि रक्त. इथिओपियातच संकरित वासरांना बीसीजी ही क्षयाची लस टोचून पाहिली, तेव्हा रोगाचा प्रसार ८९ टक्क्यांनी घटला. २०२४ मध्ये ते निष्कर्ष आले. लस आली तरी टिकाऊ वंश हवेतच.

आणि इथंच आपण अडतो. मी गोठ्यात गेलो की विचारतो, हिचा बाप कोण? उत्तर ठरलेलं, ‘डॉक्टर, एचएफची कांडी होती बघा.’ कुठल्या नंबरची? गाय भरवून झाल्यावर कांडी, म्हणजे वळूच्या वीर्याची नळी, तिथंच शेणात पडलेली असते, वळूचा नंबर तिच्यावर छापलेला असूनही. रेतन केंद्रातल्या वळूंची क्षयाची तपासणी होते, पण वळू निरोगी आहे यावरून त्याच्या लेकी टिकाव धरतील की नाही ते कळत नाही. ते लेकींच्याच नोंदींतून कळतं. कानात बारा आकडी बिल्ला आहे, पण बिल्ल्यापुढं बापाचा नंबर नाही आणि चाचणीचा निकालही नाही. लाखो गाई आहेत, तरी आपल्या हाती काहीच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या दोन गाई. त्यांना वेगळ्या छपरात बांधा, पाण्याची बादली आणि गव्हाण वेगळी ठेवा. त्यांचं दूध डेअरीला घालू नका, वासरांना कच्चं पाजू नका, घरात धारोष्ण कुणालाही देऊ नका, नातवालासुद्धा. धार काढणाऱ्यांची आणि घरातल्या सगळ्यांची क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या, ती मोफत होते. उरलेल्या बारांची चाचणी साठ दिवसांनी पुन्हा करू, मी येतो.

येताना मला एक गोष्ट तयार हवी. चौदाही जनावरांचे बिल्ला नंबर एका वहीत लिहा, आणि त्यांपुढं आई कोण, बाप कोण, आठवेल तेवढं. ज्यानं गाई भरवल्या त्याच्या नोंदवहीत कांड्यांचे नंबर असतील, तिथून मागून घ्या. त्या दोघी एकाच बापाच्या आहेत का, ते मला बघायचं आहे.